राजीनामा दिलाय, पण संस्था तो 'घेतच' नाही

खडूची_धूळ · २९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कऱ्हाडहून पाटणकडं जाताना लागणाऱ्या एका गावात, इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवते. १५ जूनला सात वर्षं पूर्ण झाली. पगार एकत्रित १५,५०० रुपये. दर जूनला नवी ऑर्डर मिळते, तीही ३० एप्रिलपर्यंतचीच. मे महिना आपला आपण काढायचा.

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी निवड झाली. रत्नागिरी जिल्हा, कुंभार्ली घाट उतरून पुढं. सहावी ते आठवीसाठी शिक्षणसेवक, तीन वर्षं मानधन १६,०००. सासरचे हसतात, पाचशे रुपयांसाठी घाट उतरणार म्हणून. तीन वर्षांनंतरचं मी त्यांना समजावत बसत नाही. नियुक्ती आदेश २४ नोव्हेंबरचा आहे, तीस दिवसांत हजर व्हायचंय.

२७ तारखेला राजीनामा घेऊन ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, "आवक नंबर साहेबांना विचारल्याशिवाय नाही देता येणार." अर्ज टेबलावरच्या काचेखाली सरकवला. संध्याकाळी चेअरमनसाहेबांनी बोलावलं. आधी चहा, मग घरच्यांची चौकशी, मग मुद्दा. "मॅडम, राजीनामा कार्यकारिणीच्या सभेत ठेवावा लागतो. सभा जानेवारीत. मंजूर झाल्याशिवाय तुम्ही आमच्याच. आणि दहावीच्या पोरांना वाऱ्यावर सोडून जाणार काय?"

शेवटचं वाक्य लागलं, खोटं कशाला बोलू. एक्केचाळीस मुलं आहेत. मेटलर्जी आणि कार्बन कंपाउंड्स शिकवायचे राहिलेत.

आता खरी अडचण. माझी मूळ कागदपत्रं (बारावीचं गुणपत्रक, बी.एस्सी.ची पदवी, बी.एड.चं गुणपत्रक) रुजू झाले तेव्हापासून संस्थेच्या कपाटात आहेत. जिल्हा परिषदेच्या पडताळणीला लागली तेव्हा "बँकेत लोनला दाखवायचीत" असं सांगून दोन दिवस आणली आणि रजिस्टरला सही करून परत नेऊन दिली. ताकाला जाऊन भांडं लपवलं, आता भोगतेय. शिवाय रुजू होताना एका कोऱ्या कागदावर सही घेतली होती. सगळ्यांचीच घेतात.

मंजुरी मिळेपर्यंत थांबावंच लागतं का? न थांबता गेले तर काय करू शकतात?

---

हिंजवडीकर · २९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

एवढं टेन्शन कशाला? एचआरला मेल टाका, नोटीस पिरियड बायआउट करा, विषय संपला. आमच्याकडे ९० दिवस असतात, तरी लोक ३० मध्ये निघतात. बाँड वगैरे लिहून घेतला असेल तर तो असाही बेकायदा असतो.

---

खडूची_धूळ · २९ नोव्हेंबर, रात्री ११:२२

दादा, आमचा एचआर म्हणजे क्लार्कभाऊसाहेब. मेल आयडी शाळेच्या बोर्डावर आहे, पण त्याचा पासवर्ड आधीच्या कॉम्प्युटर सरांबरोबर गेला.

---

आवक_जावक · ३० नोव्हेंबर, सकाळी ६:०५

ताई, मी एका शिक्षणसंस्थेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. म्हणजे तुमचा अर्ज काचेखाली सरकवणाऱ्यांच्याच जातकुळीचा. तेव्हा ऐका.

काचेखालचा अर्ज म्हणजे अर्ज नव्हे. उद्या सभेत "असा कोणताही अर्ज प्राप्त नाही" असं लिहिलं की झालं. तुमच्याकडे त्याची पोच नाही.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९७७ चा वेगळा कायदा आहे, सेवाशर्तींचा. शाळेला अनुदान असो वा नसो, तो लागू होतो. त्याचं कलम ७ फक्त राजीनाम्याबद्दल आहे आणि अगदी लहान आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हीवर सही आणि तारीख करायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं पाठवायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. बस्स. पूर्वी संस्था कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवायच्या आणि नको झालेल्या मास्तराचा राजीनामा स्वतःच टाइप करायच्या. हे कलम अशा राजीनाम्यांना पायबंद घालणारं आहे. तुमच्या कोऱ्या कागदाची म्हणूनच फार धास्ती घेऊ नका. मात्र तुमच्या पत्रात एक ओळ टाका: "रुजू होताना माझी सही घेतलेला कोरा कागद परत करावा, त्यावरील कोणताही मजकूर मला मान्य नाही."

पोस्टाचं एक. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. खिडकीवर नुसतं "स्पीड पोस्ट" म्हणू नका. नोंदणीसह, पोचपावतीसह, असं सांगा आणि पावतीवर तसा उल्लेख आल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाकीट संस्थेच्या सचिवांच्या नावे, प्रत मुख्याध्यापकांना. शाईनं, हातानं लिहिलंत तर उत्तम.

आणि कागदपत्रं हातात आलेली परत दिलीत? धन्य आहे.

---

काळा_कोट · ३० नोव्हेंबर, सकाळी ११:४०

वरच्या काकांनी निम्मं काम केलंय. उरलेलं सांगतो. शाळा न्यायाधिकरणात अशी प्रकरणं चालवतो, त्यामुळे नियम तोंडपाठ आहेत.

त्याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० बघा. कायम कर्मचाऱ्यानं तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. आता तुमची गंमत. कायम करायला लागू नये म्हणून संस्थेनं सात वर्षं तुम्हाला एप्रिलपर्यंतच्या ऑर्डरी दिल्या. म्हणजे त्यांच्याच कागदाप्रमाणे तुम्ही अस्थायी. मग नोटीस एकच महिना! "तुम्ही कायम आहात, तीन महिने द्या" असं त्यांना म्हणायचं असेल तर सात वर्षांची वेतनश्रेणी द्यावी लागेल. म्हणणार नाहीत. नोटिशीत सगळ्या ऑर्डरींच्या तारखा लिहा आणि शेवटच्या ऑर्डरीची झेरॉक्स जोडा, पुढचं त्यांचा वकील त्यांना समजावेल.

याच नियमात एक खोच आहे, ती बऱ्याच शिक्षकांना माहीत नसते. नोटीस सुट्टीत देता येत नाही, सुट्टीचा कुठलाही भाग नोटिशीच्या काळात येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. कायम शिक्षकासाठी कॅलेंडर मांडून पाहा: जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दार बंद. मग दिवाळीआधी तीन महिने बसवायचे तर जुलैतले जेमतेम काही दिवस हातात. ते हुकले की थेट दिवाळीनंतर, तेही मेच्या सुट्टीआधी तीन महिने बसतील असे. तुमचा महिना एकच, दिवाळी संपलेली, त्यामुळे तुम्ही सुटलात. नाताळची सुट्टी आठवडाभर असेल आणि ती दिवाळीच्या सुट्टीतून कापून दिलेली असेल, तर त्यावर कुणी वाद घालू शकतो. घालू दे. एवढ्यावर कोर्टात जाणारी संस्था मी अजून पाहिलेली नाही.

१ डिसेंबरला नोटीस पाठवलीत तर ३१ ला महिना भरतो. जिल्हा परिषदेची मुदत २४ ला संपते. मुदतवाढ मागा. नाहीच मिळाली तर आठ दिवस कमी पडतात. नियमात कमी पडलेल्या दिवसांचा भत्ते वगळून पगार भरायची सोय आहे. तुमचे भत्तेच नाहीत. १५,५०० भागिले ३१ म्हणजे दिवसाचे ५००, आठ दिवसांचे ४,०००. त्याला व्यवस्थापनाची परवानगी लागते हे खरं, म्हणून चार हजारांचा डीडी काढून पत्रासोबत पाठवायचा आणि परवानगी मागायची.

आता "मंजूर झाल्याशिवाय तुम्ही आमच्याच" याबद्दल. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, इच्छा नसताना त्याला कामावर ठेवता येत नाही. अपवाद दोन: सेवाशर्तींत तशी अट असेल तर, किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू वा विचाराधीन असेल आणि ती टाळायला राजीनामा दिला असेल तर. हा दुसरा अपवाद लक्षात ठेवा. राजीनामा अडवायचा असला की अचानक कारणे दाखवा नोटीस निघते. या महिन्यात एकही दिवस विनापरवाना गैरहजर राहू नका, मस्टरवर रोज सही करा, मस्टर लपवलं तर तोच दिवस लिहून पत्र द्या.

हिंजवडीकर, "बाँड बेकायदाच असतो" हे सोडून द्या. २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची, तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवलीय. प्रत्येक बाँडचा मजकूर बघावा लागतो.

---

मंत्रालय_लोकल · ३० नोव्हेंबर, दुपारी १:३०

विषय थोडा वेगळा, पण सरकारी नोकरीतले कुणी हे वाचून आपला राजीनामा असाच पोस्टात टाकतील म्हणून लिहितो. आमच्याकडे पेन्शनचा नियम ४६ आहे: राजीनामा म्हणजे मागची सगळी सेवा गेली. दुसऱ्या सरकारी पदावर रीतसर परवानगीनं जात असाल तरच ती टिकते. वीस वर्षं झाली असतील तर राजीनाम्याच्या वाटेला जाऊच नका, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्या. तिथं मुदतीत नकार आला नाही तर मुदत संपताच निवृत्ती आपोआप लागू होते.

---

घाटाखालचा_मास्तर · ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

बाई, आमच्या जिल्ह्यात स्वागत. मी स्वतः देशावरचाच, नऊ वर्षांपूर्वी उतरलो, अजून वर चढलो नाही.

मुदतवाढीचा अर्ज शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावे करा आणि टपालावर विसंबू नका, घाट उतरून या. कारण स्पष्ट लिहा: सध्याच्या संस्थेस नियमानुसार एक महिन्याची नोटीस दिली आहे, ती अमुक तारखेस पूर्ण होते. सोबत पोस्टाची पावती. "संस्था त्रास देते" ही कहाणी तिथं सांगत बसू नका, त्यांच्याकडे दिवसाला अशा दहा येतात.

मूळ कागदांचं एवढं घाबरू नका. तुमची पडताळणी झालीय ना, त्याची सही-शिक्क्याची प्रत असेल ती आणा. बारावीचं डिजिलॉकरवरून काढून ठेवा. पदवीची दुय्यम प्रत शिवाजी विद्यापीठातून निघते, वेळ लागतो पण निघते.

एक विचारू का? बाइक आहे का? एसटी आहे, पण शाळा फाट्यापासून आत असेल तर चालावं लागेल.

---

खडूची_धूळ · ६ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव कुठं घ्यावं कळत नाही, म्हणून फक्त काय झालं ते सांगते.

१ तारखेला दोन्ही प्रती हातानं लिहिल्या. पोस्टातल्या बाईंना "नोंदणीसह" म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पण दिली पावती. काल पाकीट परत आलं. वर लाल शाईत "घेण्यास नकार". पोस्टमनकाका आमच्याच गल्लीतले, म्हणाले, "साहेबांनी नाव वाचलं आणि हात मागं घेतला."

आता? पुन्हा पाठवू?

स्कूटी आहे मास्तर, पण घाटात तिचं काही खरं नाही.

---

आवक_जावक · ६ डिसेंबर, रात्री ९:४८

फोडू नका ते पाकीट! कात्री, सुरी, नखं, सगळं लांब ठेवा. बंद पाकीट, त्यावरचा शेरा आणि पोस्टाचा शिक्का, हाच तुमचा पुरावा. बरोबर पत्त्यावर गेलेलं आणि नाकारलेलं पाकीट कायदा पोचलेलंच धरतो. साहेबांनी घेतलं असतं तर "आत कोरा कागद होता" असं तरी म्हणता आलं असतं. आता तेही गेलं.

तुमच्याजवळच्या दुसऱ्या प्रतीची झेरॉक्स, पाकिटाचा फोटो आणि मूळ कागदपत्रं परत मागणारं पत्र, असं तिन्ही मिळून शिक्षणाधिकारी (माध्यमिक), सातारा यांच्याकडे जाऊन द्या. तिथं आवक नंबर मिळतो. त्या पत्राची प्रत मुख्याध्यापिकेच्या हातात द्या, काहीही न बोलता.

आणि चार्ज. लोक हे विसरतात आणि दोन वर्षांनी "प्रयोगशाळेतील साहित्य गहाळ" अशी नोटीस येते. तुमच्याकडे लॅब आहे का?

---

खडूची_धूळ · ६ डिसेंबर, रात्री १०:०२

आहे. सूक्ष्मदर्शक सहा, त्यातले दोन माझ्या आधीपासून बंद. काचसामान, एक सांगाडा (प्लॅस्टिकचा, डाव्या हाताची बोटं नाहीत). डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) मीच लिहिते.

---

आवक_जावक · ६ डिसेंबर, रात्री १०:१५

रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा फोटो. बंद वस्तू बंद म्हणून लिहा. सांगाड्याची बोटंसुद्धा. शेवटच्या दिवशी कुणी चार्ज घ्यायला आलं नाही तर यादी करून, कपाटाला कुलूप लावून, किल्ली पाकिटात घालून मुख्याध्यापिकेला द्या, शिपायाच्या देखत.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. शिक्षकांना ती लागू नाही असं तुमचे साहेब म्हणतील. २००९ च्या दुरुस्तीनं ती १९९७ पासून लागू झालीय आणि खाजगी शाळांनी लढून पाहिलं, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. शेवटच्या पगाराच्या सव्विसाव्या भागाला पंधरानं गुणायचं, मग वर्षांनी. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. तुम्ही १५ जूनला लागलात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतर निघालात तर सातची आठ होतात. सातचे ६२,५९६, आठचे ७१,५३८. मेच्या खंडावरून घासाघीस करतील, पण तुम्ही मागताना आठच मागायची.

---

काळा_कोट · ७ डिसेंबर, सकाळी ८:२०

काका, तुम्ही हेडक्लार्क असताना समोरच्या बाजूला मी नव्हतो हे माझं नशीब.

---

खडूची_धूळ · ११ जानेवारी, दुपारी ४:००

रविवार आहे, शाळेच्या ओट्यावर बसून लिहितेय, कारण रेंज इथंच येते.

मुदतवाढ ५ जानेवारीपर्यंत मिळाली, त्यामुळे डीडीची गरज पडली नाही. डिसेंबरभर रोज सकाळी सातला दहावीचा जादा तास घेतला. मेटलर्जी संपलं, कार्बन कंपाउंड्सची शेवटची उदाहरणं नाताळच्या सुट्टीत आमच्या अंगणात झाली, सव्वीस मुलं आली होती. त्यामुळे "वाऱ्यावर" या शब्दाचं आता काही वाटत नाही.

शिक्षणाधिकारी कार्यालयाचा शिक्का बघितल्यावर मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत, फक्त कागद उलटा करून ठेवला. ३० डिसेंबरला क्लार्कभाऊसाहेबांचा फोन, "येऊन कागदं घेऊन जावा." पदवी आणि बी.एड. मिळालं. बारावीचं गुणपत्रक "सापडत नाही". कोरा कागद "कधी घेतलाच नव्हता". बारावीच्या दुय्यम प्रतीसाठी कोल्हापूर बोर्डात अर्ज केलाय.

३१ ला चार्ज घ्यायला कुणी आलं नाही. किल्लीचं पाकीट शिपाईमामांच्या देखत दिलं. मामांनी यादीवर सहीसुद्धा केली, न सांगता. त्यांचीही नोकरी त्याच साहेबांकडे आहे, हे मला नंतर घाटात सुचलं.

२ जानेवारीला इथं रुजू झाले. तिन्ही वर्ग मिळून सतरा मुलं. मास्तर म्हणाले तसं फाट्यापासून दोन किलोमीटर चालत.

आणि काल माहेरच्या पत्त्यावर संस्थेचं पत्र आलं: "आपला राजीनामा दि. ८ जानेवारी रोजीच्या सभेत सहानुभूतिपूर्वक विचार करून मंजूर करण्यात येत आहे." सोबत अनुभवाचा दाखला. त्यावर सात वर्षं नाही, "सात सत्रे" लिहिलंय.

---

आवक_जावक · ११ जानेवारी, दुपारी ४:२५

"सत्रे" दुरुस्त करून मागा, सगळ्या ऑर्डरींच्या झेरॉक्स जोडून. शिक्षणसेवक संपल्यावर तो कागद लागो न लागो. आणि "मंजूर करण्यात येत आहे" हे पत्र जपून ठेवा. ज्यांनी पाकीट नाकारलं, त्यांनीच राजीनामा मिळाल्याचं लिहून दिलंय.

ग्रॅच्युइटीचा अर्ज?

---

खडूची_धूळ · ११ जानेवारी, दुपारी ४:३१

गेला, ५ तारखेला. आठ वर्षांचाच. नोंदणीसह, पोचपावतीसह. या वेळी घेतलंय त्यांनी पाकीट, सही क्लार्कभाऊसाहेबांची आहे.

---

हिंजवडीकर · ११ जानेवारी, रात्री ८:५०

आमच्या एचआरनं माझ्या राजीनाम्याला अजून 'ॲक्सेप्ट' बटण दाबलेलं नाहीये. अठरा दिवस झाले. काका, मेल प्रिंट काढून पोस्टानं पाठवू का?